रोजच्या पिकपला मोठे टायर घालावेत काय? (उचगाव ते म्हापसा, मधे पाणंद)

रताळी_ते_म्हापसा

नमस्कार मंडळी. माझी सिंगल केबिन पिकप आहे, २०१६ ची, पासिंग केए २२ (बेळगाव), फक्त मागची चाकं ओढणारी. दोन वर्षांमागं सेकंडहँड घेतलो. उचगाव भागातनं रताळी, बटाटा, कोबी, मिरची उचलायची आणि चोर्ला घाटानं गोव्यात म्हापशाला टाकून यायचं, हा धंदा. आठवड्यातनं पाच दिवस, जाऊन येऊन दोनशे किलोमीटरच्या वर.

रस्त्याची तक्रार नाही, घाट घाटासारखाच आहे. भानगड आहे ती अगदी पहिल्या तीनशे मीटरची. माल डांबरीवर आपसूक येत नाही, शेतात जाऊन भरायला लागतो, आणि पावसात आमची पाणंद म्हणजे तांबड्या मातीचं शिकरण. गेल्या पंधरवड्यात तीनदा रुतलो. तिसऱ्या वेळी मागचं डावं चाक गरागरा फिरत होतं, उजवं जागचं हलत नव्हतं, आणि डिफरन्शलचा गोळा (मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा) मधल्या उंचवट्यावर जाऊन बसलेला. ट्रॅक्टर यायला तास लागला. तोवर कोबीची पोती उतरवून डोक्यावरनं डांबरीवर नेलो. म्हापशाला पोचलो तर भाव निम्म्यावर.

सध्या टायर २१५/७५ आर १५ आहेत, नक्षी संपत आलीय, बदलायचेच आहेत. म्हणून म्हटलं, बदलायचेच तर मोठे घालू. ३१ बाय १०.५ आर १५, जाड गोट्यांचे. गाडी उचलेल, आणि खोटं कशाला सांगू, दिसण्याचीही थोडी हौस आहे. टायरवाला म्हणतो आरामात बसतात, डिस्क (रिम) बदलायला नको. आमचा मेस्त्री कानडी माणूस, त्यानं टायरचं नाव ऐकलं, मान हलवली आणि 'बेड्री' म्हणाला, म्हणजे 'नको हो'. का बेड्री ते काय सांगितलं नाही, परत गाडीखाली शिरला.

विचारूलोय ते एवढंच. बाराशे किलोच्या आसपास भरून घाट उतरणाऱ्या आणि रिकामी चढणाऱ्या गाडीला हे चालेल काय? कोण घालून बघितलंय काय? ॲव्हरेज किती पडेल?

उद्यमबाग_फिटर

आधी आकडे बघ, मग हौस.

२१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे १६१ मिमी. १५ हा रिमचा व्यास इंचात, म्हणजे ३८१ मिमी. रिम अधिक वरची भिंत अधिक खालची भिंत, सगळं मिळून ७०३ मिमी. ३१ इंची टायर ७८७ मिमीचा. फरक ८४ मिमी, म्हणजे १२ टक्के. पण गाडी उचलेल ती त्याच्या निम्मीच, कारण उरलेलं निम्मं ॲक्सलच्या वर जातं. ४२ मिमी, अडीच बोटं. एवढ्यासाठी काय काय द्यावं लागतं ते आता मोज.

स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा तू ६७ ने जात असशील. मीटरवर किलोमीटरही कमी पडतील, १०० चाललास तर साधारण ८९. त्यामुळे ॲव्हरेज पडलं म्हणून डोक्याला हात लावण्याआधी मीटरच्या आकड्याला १.१२ ने गुण. खरं ॲव्हरेजही पडेलच, टायर जड असतो आणि गोट्या रस्त्यावर ओढ घेतात, फक्त मीटर दाखवतो तेवढं नाही.

प्रत्येक गिअर १२ टक्क्यांनी लांब झाल्यासारखा होतो. चढाला जोर कमी पडेल हे सगळेच सांगतात. तुझी गोष्ट उलटी आहे, तू भरलेली गाडी उतरवतोस. आज ज्या वळणावर तिसऱ्या गिअरवर इंजिन गाडी धरून ठेवतं, तिथं ती सुटल्यासारखी होईल आणि तुझा पाय ब्रेकवर जाईल. ब्रेक मात्र तेवढेच आहेत. चाक मोठं झालं की तेवढंच वजन थांबवायला पायानं जादा दाबावं लागतं. घाटात सारखं दाबत राहिलं की ड्रम तापतो.

दुसरं, ३१ बाय १०.५ ला रिम ७ ते ९ इंच रुंद लागते. तुझी मोज, ६ च्या आसपास निघेल. टायर तिच्यावर चढेल, नाही असं नाही. पण मधोमध फुगेल, मधली नक्षी आधी जाईल आणि वळणावर गाडी डुलेल. 'बसतो' आणि 'चालतो' हे दोन वेगळे शब्द आहेत.

कागदाचंही बघ. नोंदणीत असलेल्या कंपनीच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करायचा नाही, असं मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते ठासून सांगितलं. तुझी गाडी मालवाहू, आठ वर्षांच्या वरची, म्हणजे दर वर्षी फिटनेस. अपघात झाला तर विमावालाही पहिल्यांदा चाकाकडेच बघेल.

एक काम कर. आत्ताच्या टायरवर आकाराच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर छापलेलं असतं. ते वाचून इथं लिही.

चिकोडी_२३

लोक उगच घाबरवतात. मधला रस्ता आहे की. मी २३५/७५ आर १५ घातलोय, दोन पावसाळे झाले. ७३३ मिमीचा टायर, म्हणजे ३० मिमी मोठा, चार टक्के. मीटर ६० ला खरे साडेबासष्ट. गिअरला काय कळत पण नाही. डावीकडं पूर्ण कट मारला की मडफ्लॅपला लागायचं, फ्लॅपची कड कापून टाकलो, विषय संपला.

खरं एक सांगतो, आमच्याकडं काळं रान. त्यात टायर कसला पण घाला, चार फेऱ्यांत नक्षी मातीनं भरते आणि चाकाचा लाडू होतो. तुमच्या तांबड्यात पाणी तरी निचरतं. आमच्यात पाऊस पडला की गाडी डांबरीवर उभी करायची आणि बैलगाडी जुंपायची, दुसरा इलाज नाही.

जांबोटी_फाटा

भावा, मी घातलो होतो. हेच, ३१. २०१८ च्या पावसाळ्याच्या तोंडाला घातलो आणि आठ महिन्यांनी काढलो. तुझी पोस्ट वाचून पोराला म्हटलं, थांब, हे मीच लिहितो, आणि चष्मा लावून बसलो.

पहिले पंधरा दिवस मजा होती. कणकुंबीच्या पुढं धुक्यात दिवे उंचावरनं पडायचे, फाट्यावरची पोरं वळून बघायची. रिकाम्या गाडीला कुठं घासत नव्हतं, म्हणून मी निवांत. मग गणपतीच्या आधीची गर्दी, हौदा ताडपत्रीच्या वरपर्यंत भरलेला, चोर्ल्याच्या उतारावर उजव्या वळणाला मागनं खर्रर्र आवाज. ब्रेक गेला की काय असं वाटून पोटात गोळा आला. केरीला गाडी थांबवून बॅटरी घेऊन खाली गेलो. मागच्या मडगार्डच्या आतल्या अंगाला पत्र्यावरचा रंग जाऊन ताटासारखी चकाकी आलेली, आणि टायरचा खांदा चाकूनं सोलल्यासारखा. रिकाम्या गाडीला पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) ताठ असतात, चार बोटं जागा दिसते. भरली की पाटे सपाट होतात आणि खड्ड्यात आपटली की ती चार बोटं जातात कुठं कोण जाणे. टायरवाला तुला रिकाम्या गाडीवर बसवून दाखवणार, हे ध्यानात ठेव.

बघायचंच असेल तर घरच्या घरी बघता येतं. आता गणपतीचे दिवस, शाडू कुठंही मिळतो. लिंबाएवढे गोळे करून मडगार्डच्या आतनं चारीकडं चिकटव. गाडी पूर्ण भर. पुढचं एक चाक जांभ्याच्या चिऱ्यावर चढव, स्टिअरिंग या टोकाचं त्या टोकाला फिरव, मग तसंच मागच्या चाकाला कर. खाली उतरवून गोळे किती चेपले बघ. आहेत त्या टायरवर जेवढा गोळा शिल्लक राहतो तेवढीच तुझी खरी जागा, त्यातनंच मोठ्या टायरला द्यायचंय.

स्टेपनीचं कोण सांगत नाही. हौद्याखालच्या कॅरिअरमधे ३१ चा टायर मावत नाही. वर मालावर बांधून नेली तर एक पोत्याची जागा जाते, आणि गोव्याच्या पावसात दोरी ढिली होते. म्हणून मी शहाणपणा केलो, जुनी लहानच स्टेपनी खाली ठेवलो. एकदा पंक्चर झालं, मागं एका बाजूला लहान आणि एका बाजूला मोठं घालून केरीपासनं साखळीपर्यंत गेलो. लहान चाक जास्त फिरणार, मोठं कमी, मग सरळ रस्त्यालाही डिफरन्शलमधली पिनियनं फिरतच राहणार. ती काय वळणापुरती करायची नोकरी, वाटभर केली. थांबल्यावर ऑइलचा जळका वास आणि हौसिंगला हात लावायची सोय नाही.

क्लच प्लेट आठ महिन्यांत गेली. घाटानं नाही गेली, चिखलानं गेली. अर्ध्या क्लचवर पुढं-मागं, पुढं-मागं, आणि रिव्हर्सला गाडीत दमच नाही. पुढचं एक बेअरिंग वाजायला लागलं. फिटनेसच्या पासिंगच्या वेळी भाच्याच्या गाडीचे चार टायर काढून माझ्या गाडीला घातलो, त्याची गाडी तीन दिवस दगडावर. बहिणीनं अजून ऐकवायचं सोडलं नाही.

आणि एवढं करून रुतलो की नाही? रुतलो. फक्त आधीपेक्षा खोल रुतलो.

कारण तुझं दुखणं टायरच्या उंचीत नाही. तूच लिहिलायस, एक चाक फिरत होतं आणि एक उभं. साधं डिफरन्शल असतं तेव्हा ज्या चाकाला पकड नाही सगळं फिरणं त्यालाच जातं. त्या चाकाला ३१ घाल नाहीतर ४१, ते हवेतच फिरणार. त्याच्या खाली काहीतरी धरायला दिलं पाहिजे. हौद्यात चार रिकामी पोती आणि भाताच्या पिंजराचा एक भारा कायम ठेव. चाक फिरलं की लगेच थांब, एक्सिलेटर मारून खड्डा खणू नको. खड्डा व्हायच्या आधी पोतं घातलं तर गाडी निघते, नंतर ट्रॅक्टरच.

पाणंदीत रिव्हर्स घेऊन आत जा. आत जाताना गाडी रिकामी असते, कशीही जाईल. येताना भरलेली असते, तेव्हा तोंड डांबरीकडं पाहिजे आणि पहिला गिअर पाहिजे. माल भरताना अर्धा भार तरी मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर येऊ दे, सगळा केबिनला चिकटवू नको. आणि कोण सांगेल चिखलात हवा उतरव म्हणून. रिकाम्या गाडीला ठीक आहे, भरलेल्या गाडीची हवा उतरवायची नाही. भिंत चेपून टायर आतनं फाटतो, आणि ट्यूबचा असेल तर टायर रिमवर सरकतो आणि हवा भरायचा व्हॉल्व्हच तुटतो.

आता टायरच्या पैशाचं. ३१ चे चार टायर, वर रुंद डिस्का, याचा हिशेब तूच कर. त्यातल्या एका टायरच्या पैशात पाणंदीत मुरूम पडतो. तीनशे मीटर सगळी भरायला नको, रुततोस ती दोन-तीनच ठिकाणं असतील. त्या शेतकऱ्यांचा माल तूच नेतोस ना? त्यांनाही सांग, वाटणी करा.

फिटरभाऊंनी विचारलंय तो आकडा आधी बघ. आणि कुठल्याही वजनकाट्यावर भरलेली गाडी घाल, आधी सगळी आणि मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. दोन पावत्या घे.

रताळी_ते_म्हापसा

काका, तुमचं वाचून बायकोला पण वाचून दाखवलो. बहिणीचं ऐकून ती लई हसली.

आकडा बघितलो. २१५/७५ आर १५ च्या पुढं '१०० एस' लिहिलंय. दाराच्या चौकटीवरचं कंपनीचं स्टिकर चिखलानं भरलेलं, ते पुसलो तर त्यावर साइज तीच, खरं शेवटी 'एलटी' असं आहे आणि ८ पीआर. माझ्या टायरवर एलटी कुठंच नाही. याचा अर्थ काय?

काट्यावर पण घातलो. काल भार जरा जादाच होता. मागची चाकं १७८० किलो.

उद्यमबाग_फिटर

झालं, सापडलं.

१०० हा भारांक आहे, म्हणजे पूर्ण हवेला एका टायरला ८०० किलो. दोन टायरचे १६००. तू मागं १७८० टाकून चोर्ला उतरतोयस. हे टायर माणसं नेणाऱ्या जीपगाडीचे आहेत. साइज तीच असल्यामुळे आधीच्या मालकानं स्वस्त पडतात म्हणून घातले असणार. एलटी म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर, त्याची भिंत जाड असते आणि त्यात हवाही जास्त भरता येते. ८ पीआर हे त्या ताकदीचं माप. एलटी टायरवर बहुधा दोन आकडे असतात, तिरक्या रेघेनं तोडलेले. पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. तुझा पहिला. १०५ असेल तर ९२५ किलो, १०९ असेल तर १०३०. निदान १०५ बघ, आणि त्याहून वर मिळाला तर तो घे. हवा कंपनीच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीला जेवढी लिहिली असेल तेवढी.

तुझं रुतणंही थोडं यातच आहे. मऊ भिंतीचा टायर भाराखाली चेपतो, गाडी तेवढी खाली बसते. डिफरन्शल उंचवट्यावर टेकलं त्यात याचाही वाटा. आणि गाडी आर.सी.वर लिहिलेल्या एकूण वजनाच्या आत आहे ना, ते पहिल्या पावतीवरून बघ. टायर बदलून ते वजन वाढत नाही.

चिकोडी_२३

अरे तिच्या! म्हणजे हा पठ्ठ्या मोठे टायर घालायला निघालता आणि पायात पोराच्या चपला घालून फिरूलाय.

माझेपण बघून आलो आत्ता. २३५ चे आहेत, भारांक १०५. मी फुशारकीनं लिहिलो खरं, आकडा कधी बघितलोच नव्हतो. नशीब बरोबर निघाला.

जांबोटी_फाटा

चिकोडी, फ्लॅप कापलायस ना? मागच्या गाडीच्या काचेवर खडे उडतात, तेवढं एक नवीन फ्लॅप लाव.

रताळी_ते_म्हापसा

नऊ दिवसांनी लिहितोय, पाऊस थोडा उघडलाय.

टायर घेतलो, २१५/७५ आर १५ एलटी, आठ पीआर, कंपनीच्या साइजचेच. नक्षी मात्र थोडी जाड, मधे सरळ पट्टी आणि कडेला गोट्या असलेली घेतलो, तेवढी हौस केलो. अलायमेंट, बॅलन्सिंग केलो. भरलेली गाडी वळणावर डुलत होती ती डुलायची थांबली. मला वाटायचं पाटे गेलेत, पाट्याला पैसे घालणार होतो. पहिल्या पावतीवरचं वजन पण आर.सी.शी लावून बघितलो, त्या दिवशी शंभर किलो जास्त होतं. आता चार पोती कमी घेतोय, वरची चार दुसऱ्या फेरीला.

मुरमाचं बोलणं काढलो तर पहिल्यांदा सगळे गप्प. मग ज्याच्या कोबीची पोती मी डोक्यावरनं नेलेलो तोच म्हणाला, एक ट्रॉली माझी. मग आणि दोघं तयार झाले. तीन ट्रॉल्या पडल्या, रुतायच्या दोन ठिकाणी खाली जांभ्याचे तुकडे आणि वर मुरूम. काल रात्री दोनला रिव्हर्स घेऊन आत गेलो, भरलो, पहिल्या गिअरमधे बाहेर आलो. चाक एकदाच फिरलं, वळणाच्या तोंडाला, तिथं मुरूम कमी पडलाय. पोतं घातलो, निघाली.

मेस्त्रीला जाऊन सांगितलो, तुम्ही बेड्री का म्हणाला ते कळलं. तो म्हणाला, मी ३१ च्या टायरला म्हटलंच नव्हतं, तुझ्या गाडीखाली बघून म्हटलं. आता काय बोलणार.

जुने १०० वाले चार टायर पडून आहेत, दोन अजून चालण्यासारखे. बैलगाडीला कोणाला पाहिजेत काय?

चिकोडी_२३

दोन मी घेतो. निपाणीपर्यंत आणून देणार असशील तर भाव सांग.